अ देश, ब देश आणि मोरीचं पाणी

सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीत आलात तर एक नवल बघायला मिळेल. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, तोंडात निंबाची काडी आणि हातात शाळकरी पोरांची लाकडी फूटपट्टी, अशा थाटात एक गृहस्थ आपल्याच अंगणातल्या नालीपाशी उकिडवे बसलेले असतात. नालीतून शेजारच्या घरच्या मोरीचं पाणी येत असतं. गृहस्थ फूटपट्टी पाण्यात बुडवतात, डोळे बारीक करून बघतात आणि आमच्या ओसरीकडे तोंड करून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "स्वित्झर्लंड! सव्वादोन इंच! ध्यानात ठेवा!"

स्वित्झर्लंड म्हणजे मी.

आता मी पिंपळगाव राजाचा, कॉलेजात ग्रंथपाल, पन्नाशी उलटलेला साधा माणूस. बर्फ मी पाहिलाय तो फक्त रसवंतीवर. पण अकरा वर्षांपूर्वी ह्या गृहस्थांनी मला तटस्थ राष्ट्र म्हणून जाहीर केलं आणि तेव्हापासून माझ्या डोक्याला हा ताप लागला. माझी बायकोसुद्धा आता चिडली की म्हणते, "त्या स्वित्झर्लंडले सांगा, दळन आना म्हनावं."

गृहस्थांचं नाव प्रा. विश्वनाथ खोंडे. आमच्याच कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात. तिसऱ्या वर्षाला आंतरराष्ट्रीय संबंध हा पेपर आहे, तो म्हणजे त्यांचा जीव की प्राण. गावात त्यांना विश्वनाथ कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात दुनिया सर. स्वतः दुनिया सर आयुष्यात खामगाव, अकोला, शेगाव आणि एकदा नाइलाजानं पुणे, एवढंच फिरलेत. पण बोलतात असं, की जणू काल रात्रीच सगळ्या देशांच्या पंतप्रधानांना जेवू घालून, हात धुऊन आलेत.

त्यांचा पहिला तास बघण्यासारखा असतो. मी लायब्ररीच्या खिडकीतून दरवर्षी ऐकतो. वर्गात शिरले की हजेरी नाही, नमस्कार नाही. थेट पहिल्या बाकावरच्या पोराला उभं करतात.

"काऊन बे, तुह्या वावरात दुसऱ्याचं ढोर घुसलं त कोनाकडे जातं?"

"ठान्यात, सर."

"अन् एका देशात दुसरा देश घुसला त?"

पोरगं डोकं खाजवतं. सर डस्टर टेबलावर आपटतात, खडूचा धूर निघतो.

"जगाले ठानेदार नाही, पोट्टेहो! लिहून घ्या. हे एक वाक्य समजलं त अर्धा पेपर सुटला. जगाले ठानेदार नाही, म्हनून जो तो आपली काठी उशाले घेऊन झोपते. ह्याले म्हनतात वास्तववाद."

"अन् उदारमतवाद, सर?"

"तो शहाना मानूस सांगते, काठी ठेवा, आपुन बाजार करू, एकमेकाच्या घरी जेवाले जाऊ, भांडन होनार नाही. चांगला मानूस आहे बिचारा. लवकर मरते."

लष्करी युती शिकवायची असेल तर सर रोडग्यांवर येतात. आमच्याकडे शेतात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजून, वांग्याची भाजी करून पंगत बसते, ती त्यांना सगळ्या तहांपेक्षा पक्की वाटते. "युती म्हंजे रोडग्याची पंगत. एकाच्या ताटातल्या रोडग्याले बाहेरच्यानं हात लावला त सगळे ताटावरून उठले पाहिजेत. जो बसून वांगं खात राह्यते, तो फितूर." नकाराधिकार शिकवायला ते वर्ग उचलून बसस्टँडजवळच्या पिंपळाखाली नेतात. तिथं पाच म्हातारे आयुष्यभर बसलेले आहेत. सर त्यांना विचारतात, "बाबा, चहा सांगू काय?" चार म्हातारे हो म्हणतात, पाचवा म्हणतो, "मले पित्त होते." झालं, कुणालाच चहा नाही. पोरं परीक्षेपर्यंत तो पाचवा म्हातारा विसरत नाहीत.

सगळ्यांना ते 'बे' म्हणतात. पोरांना बे, प्राचार्यांच्या माघारी प्राचार्यांना बे, एकदा टीव्हीतल्या परराष्ट्रमंत्र्याला बे. मला मात्र कधी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तटस्थ देशाले बे म्हनत नसतात. शिष्टाचार आहे."

इथवर ठीक होतं. पण सरांच्या शिकवण्याचा खरा कणा म्हणजे अ देश आणि ब देश. कुठलाही सिद्धांत असो, उदाहरण ह्याच दोन देशांचं. अ देश शांत, सुसंस्कृत, विद्याव्यासंगी. ब देश आडमुठा. आणि दोघांत सीमाप्रश्न, तो पाण्याचा. बाहेरगावच्या पोरांना वाटतं, हे पुस्तकातलं आहे. गावातल्या पोरांना पक्कं ठाऊक असतं की अ देश म्हणजे स्वतः सर आणि ब देश म्हणजे भिंतीपलीकडे राहणारा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, एकनाथ.

त्याचं असं झालं. वडील गेल्यावर घराची वाटणी झाली, मधोमध भिंत आली. जुनी उघडी मोरी एकनाथच्या वाट्याला गेली आणि उतार सरांच्या वाट्याला. उताराला कुठं वाटणी कळते? मोरीचं पाणी पूर्वीसारखंच सरांच्या अंगणातून गल्लीकडे येत राहिलं. पुढं एकनाथनं मागच्या अंगाला टाइल्सची बाथरूम बांधली. बायको, मुलगी, पाहुणे सगळे तिकडे आंघोळ करतात, तिचं पाणी मागच्या शोषखड्ड्यात जातं. पण एकनाथ स्वतः? तो आजही बापाच्या त्याच जुन्या दगडावर बसून, उघड्या मोरीतच आंघोळ करतो. "टाइल्सवर मले आंघोय केल्यासारखं वाटत नाही," म्हणतो. म्हणजे बघा, अकरा वर्षांचं हे सगळं शीतयुद्ध एका माणसाच्या दोन बादल्या पाण्यावर चाललंय.

अकरा वर्षांपूर्वी सरांचं लिंबाचं झाड वाळलं. सर म्हणाले, साबणाच्या पाण्यानं. एकनाथ म्हणाला, "झाड तुह्या भाषनानं वाळलं." त्यावर सर काही बोलले, मग एकनाथ बोलला, "साऱ्या दुनियेचे भांडनं सोडवतं, अन् घरातली एक नाली तुह्यानं सोडवल्या जात नाही." ते शेवटचं वाक्य. त्यानंतर दोघा भावांनी एकमेकांशी अवाक्षर काढलं नाही. भिंत मात्र बोलायला लागली. सरांनी एक थर वाढवला की एकनाथ आपल्या बाजूनं वर काचा रोवायचा. दोन्हीकडचं काम सलीम मिस्त्रीच करायचे, म्हणून सर त्यांना दोन्ही देशांचे संरक्षणमंत्री म्हणत. सलीमभाई हसून थापी मारायचे, "सर, अब और उपर गई तो कबूतर भी विसा मांगेंगे."

शेवटी गल्लीनं मला पुढं घातलं आणि माझ्या घरी तह झाला. सर ओसरीत, एकनाथ स्वयंपाकघरात, आणि मी मधल्या दारात उभा. ह्याचं त्याला सांगायचं, त्याचं ह्याला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना? माझी दोन किलो साखर गेली नुसत्या चहात. तहाचा कागद सरांनी तीन आठवडे वाचला. "कागद वाचल्याबिगर सही करनारा देश बुडते, स्वित्झर्लंड." कलमं तर अशी की हसावं का रडावं कळेना. पाणी सकाळी साडेसहा ते सात एवढंच. उंची तीन इंचांच्या आत. साबण चालेल, पण फेस सीमा ओलांडणार नाही. आणि ह्या कलमांवर देखरेख म्हणून रोजची ती फूटपट्टी.

ह्या अ-ब देशांचा एकदा फार मोठा घोळ झाला. विद्यापीठाच्या परीक्षेत शीतयुद्धाची कारणं विचारली होती. आमच्या पोरांनी भरभरून लिहिलं. पेपर तपासणाऱ्या कुण्या बिचाऱ्या परक्या प्राध्यापकांचं पत्र प्राचार्यांकडे आलं. 'आपल्या केंद्रावरील एकोणीस विद्यार्थ्यांनी शीतयुद्धाचे मूळ कारण 'मोरी' असे दिले आहे. एका विद्यार्थिनीने दोन्ही महासत्तांमधील लिंबाच्या झाडाचा उल्लेख केला आहे. हे कोणते संदर्भपुस्तक आहे ते कळवावे, आमच्या ग्रंथालयात ते नाही.' प्राचार्यांनी पत्र वाचलं आणि मला बोलावलं, कारण पुस्तकाचा प्रश्न म्हणजे ग्रंथपाल. मी काय सांगणार कपाळ! पण गंमत अशी की पोरं सगळी पास झाली. पत्राच्या शेवटी त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की संकल्पना मात्र स्पष्ट आहेत.

आणि ह्या वर्षी त्या वर्गात येऊन बसली वैष्णवी. एकनाथची मुलगी. म्हणजे प्रत्यक्ष ब देशाची नागरिक. सर पहिल्या दिवशी तिला बघून जरा अडखळले, मग दुप्पट जोरात ठानेदाराचं वाक्य म्हणाले. पोरगी मात्र ब देशाची निंदा चालली की खाली मान घालून व्यवस्थित टिपून घ्यायची. वर्गात ती त्यांना सर म्हणायची, बाहेर मोठेबाबा म्हणायची सोय नव्हती, कारण बाहेर बोलायचीच बंदी होती. पण चाचण्यांत पहिली यायची, आणि इथंच सरांची पंचाईत झाली. कुणी म्हणायला नको की पुतणीला मार्क वाढवले, आणि कुणी म्हणायला नको की भावाचा राग पोरीवर काढला. म्हणून तिचा पेपर ते माझ्या ओसरीत, माझ्यासमोर तपासायचे. तटस्थ भूमीवर.

आता ह्या वर्षी दिवाळीनंतर सरांच्या घरच्या वहिनी पुण्याला गेल्या, सुनेच्या बाळंतपणाला. तुम्हाला म्हणून सांगतो, अकरा वर्षं दोन्ही घरच्या बायका मागच्या दारानं बोलायच्या. विरजण इकडून तिकडे जायचं, तिकडून इकडे पुरणपोळी यायची, दोन्ही नवऱ्यांना पत्ता नाही. वहिनी गेल्या आणि तोही रस्ता बंद पडला. सर एकटेच राहिले. स्वतःच खिचडी करायचे, रोज तीच, आणि मला सांगायचे, "अन्नधान्यात देश स्वयंपूर्न पाहिजे." खिचडी खाली लागल्याचा वास आमच्या घरापर्यंत यायचा.

अशात एके सकाळी नालीला पाणी आलं नाही.

सर फूटपट्टी घेऊन सातपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी आठपर्यंत. चौथ्या दिवशी माझ्या ओसरीत आले, चेहरा गंभीर.

"ब देश काहीतरी करून राह्यला."

"अहो, एकनाथभाऊ अन् वहिनी लग्नाला गेले म्हणे पाहुण्यांकडे. वैष्णवीची आईकडची आजी आलीय सोबतीला, ती सांगत होती."

"चार-चार दिवसाचं लगन कोठी असते? तो खामगावले वकिलाकडे गेला, लिहून घ्या. कोर्टातून मनाई आननार. गुप्त तयारी आहे ही. पानी बंद म्हंजे सगळ्यात मोठी हालचाल."

"सर, पाणी नको म्हणून अकरा वर्षं भांडलात. आता नाही तर तरी..."

"तुमाले राजकारन समजत नाही," सर म्हणाले आणि सलीमभाईंना बोलावून भिंतीवर आणखी दोन थर चढवले. एकनाथच्या अंगणातलं ऊन गेलं. वैष्णवी वाळत घातलेले कपडे उचलून मुकाट्यानं मागच्या बाजूला घेऊन गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तटस्थ देशानं काय बोलायचं?

पुढच्या बुधवारी चाचणी झाली. त्याच संध्याकाळी सर वैष्णवीचा पेपर घेऊन ओसरीत बसले. चष्मा पुसला, लाल पेन काढलं. प्रश्न होता, सुरक्षेची कोंडी सोदाहरण स्पष्ट करा. सर नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचायला लागले, साक्षीदाराला ऐकू यावं म्हणून.

"एक देश स्वतःच्या रक्षणासाठी भिंत उंच करतो. दुसऱ्याला वाटते ही चढाई आहे. मग तोही उंच करतो. शेवटी दोघांच्याही अंगणात ऊन येत नाही." सरांनी मान डोलावली. "वा! ऊन आपन शिकवलं नव्हतं. स्वतःचं आहे."

पुढं वाचलं. "उदाहरणार्थ, अ देश आणि ब देश. गेल्या नऊ दिवसांपासून ब देशाचे पाणी बंद आहे. अ देशाला वाटते की ब देश गुप्त तयारी करत आहे. वस्तुस्थिती अशी आहे की ब देश अकोल्याला दवाखान्यात भरती आहे."

सरांचा आवाज खाली आला, पण वाचणं थांबलं नाही. "ब देशाच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद आहेत. रक्तातील साखर वाढल्यामुळे ऑपरेशन थांबले होते. आता ते गुरुवारी आहे. ही बातमी अ देशाला देऊ नये असा ब देशाचा हुकूम आहे. कारण विचारले असता ब देश म्हणतो, त्याले कळलं अन् तो आला नाही, त मले सहन होनार नाही."

मी सरांकडे बघेना. समोरच्या खांबाकडे बघत बसलो.

"सरांनी शिकवले आहे की पुष्कळ युद्धे चुकीच्या अंदाजामुळे होतात. म्हणून मी हुकूम मोडून हे उत्तर लिहीत आहे. शब्दमर्यादा संपली. मोठेबाबा, उद्या सकाळी अकरा वाजता आहे."

सरांनी चष्मा काढला, परत घातला. पेन हातात होतंच. उत्तरापुढे आकडा लिहिला, दहापैकी आठ.

"दोन काऊन कापले, सर?" मी विचारलं, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून.

"शब्दमर्यादा वलांडली तिनं," सर म्हणाले आणि ओसरीच्या खांबाला टेकून ढसाढसा रडले. अहो, साठीला आलेला माणूस! आतून बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तीही डोळ्याला पदर लावून उभी राहिली.

सकाळी सहाच्या एस.टी.नं आम्ही निघालो. सरांच्या मांडीवर एक फाईल. त्यात वाटाघाटींचा मसुदा, आठ कलमं. खामगावपर्यंत त्यांनी मला तो दोनदा वाचून दाखवला. पहिलं कलम, अ देश कोणत्याही पूर्वअटीशिवाय चर्चेला तयार आहे. दुसरं कलम, मात्र लिंबाच्या झाडाचा विषय खुला राहील. मी म्हटलं, "सर, त्याचं काळीज उघडणार आहेत आज. झाड ऱ्हाऊ द्या." त्यांनी दुसरं कलम खोडलं. बाळापूर मागं पडेस्तोवर सगळीच खोडली.

दवाखान्यात एकनाथ हिरवा झगा घालून खाटेवर बसला होता. केवढा आडदांड गडी, झग्यात पार पोरासारखा दिसत होता. भावाला बघून त्यानं तोंड भिंतीकडे केलं. पुन्हा इकडे केलं.

"कायले आला?"

"अकोल्याले काम होतं," सर म्हणाले.

"काय काम?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. तटस्थ देशानं खोटं बोलू नये, पण मी बोललो. "लायब्ररीची पुस्तकं न्यायची होती."

एकनाथनं झग्याची बाही ओढून सरळ केली. मग एकनाथ म्हणाला, "पानी येत नसन आता तुह्याकडे. मजा असन तुही."

"नाली कोरडी पडली," सर म्हणाले. "मुंगळे झाले तिच्यात."

"मंग फिनाईल टाकनं."

"टाकतो."

अकरा वर्षांनंतरची बोलणी ही एवढीच. तेवढ्यात नर्सबाई कागद घेऊन आल्या, नातेवाइकाची सही पाहिजे म्हणून. एकनाथच्या बायकोनं कागद हातात घेतला आणि तो सरांपुढे धरला. चार पानं, बारीक अक्षर. नालीचा कागद तीन आठवडे वाचणारा माणूस हा! एक ओळ वाचली नाही. सही ठोकली. खाली रकाना होता, पेशंटशी नातं. सवयीनं तिथं त्यांनी 'अ' लिहिलं, जीभ चावली, ते खोडलं आणि लिहिलं, मोठा भाऊ.

ऑपरेशन चाललं तेवढे पाच तास सर दाराबाहेर उभे. बसा म्हटलं तर बसेनात. मध्येच म्हणाले, "लहानपनी ह्याले आंघोयीची लय चीड होती. माय सांगे, जाय विसू, पकडून आन त्याले. गावभर पळवे मले. मंग त्याच दगडावर बसवून घासाचो मी त्याले. डोयात साबन गेला की बोंबले." एवढं बोलून परत दाराकडे तोंड करून उभे राहिले. चार वाजता डॉक्टर बाहेर आले आणि सगळं नीट झालं म्हणाले, तेव्हा सरांनी त्यांना इतक्या वेळा वाकून नमस्कार केला, की डॉक्टरच संकोचले.

घरी आल्या आल्या सलीम मिस्त्रींना निरोप गेला. त्यांनी ते दोन थर आणि वरच्या काचा सगळं उतरवलं. "सर, बीस साल से दीवारां बांध रहा मैं," ते म्हणाले, "तोडने में इतना मजा पहली बार आया." एकनाथच्या अंगणात ऊन परत आलं.

एकनाथ घरी आला, तरी लगेच गळाभेट वगैरे काही झालं नाही, बरं का. दोघंही त्या जातीचे नव्हेत. सर रोज संध्याकाळी पलीकडे जायचे, खुर्चीवर बसायचे, सोयाबीनबद्दल दोन वाक्यं बोलायचे आणि परत यायचे. वर्गात अ देश आणि ब देशाची उदाहरणं बंद झाली. पोरांची फार गैरसोय झाली. वैष्णवीनं ते दोन मार्क मागायला घरी जाऊन वाद घातला म्हणे, पण सरांनी दिले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, टाके सुकेपर्यंत आंघोळ नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. पण मी रोज बघत होतो. सकाळी साडेसहाला सर नालीपाशी. तोंडात निंबाची काडी, हातात फूटपट्टी. नाली ठणठणीत कोरडी. कुणी बघितलं की फूटपट्टीनं वाळलेली पानं उकरल्यासारखं करायचे. सात वाजले की उठायचे, गुडघ्यावर हात टेकत, आणि दिवसभर चिडचिड करायचे. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. "ताप त आला नसन त्याले?" एकदा मला विचारलं. "पलीकडे जाऊन विचारा ना," मी म्हटलं. "रोज काय इचाराचं? त्याले वाटन, मी घाबरलो."

आणि एका सकाळी मी ओसरीत पेपर वाचत होतो, तर समोरून अशी आरोळी आली की पेपर हातातून पडला.

"आलं! आलं बे! स्वित्झर्लंड, पानी आलं बे!"

चपला न घालताच पळालो. भिंतीच्या भोकातून पाण्याची धार आली होती, मुंगळे, पाला, धूळ सगळं ढकलत. त्यावर साबणाचा पांढरा फेस, हा एवढा. कलमाप्रमाणे फेस सीमा ओलांडणार नव्हता, पण तो सरळ सरांच्या अंगणात शिरला आणि वाळलेल्या लिंबाच्या खोडाला वळसा घालून गल्लीकडे निघाला. पलीकडून तांब्याचा आवाज येत होता. सरांनी चप्पल काढून बाजूला ठेवली आणि दोन्ही पाय पाण्यात ठेवून उभे राहिले. फूटपट्टी काखेत तशीच.

"कोमट आहे," ते मला म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना पुसायचीही शुद्ध नव्हती.

मला राहवलं नाही. मी मनगट पुढं केलं. "सर, सव्वासात झाले. करारात सातपर्यंतच आहे."

"राहू दे बे," सर म्हणाले. "करू दे त्याले आंघोय. लहानपनापासून त्याले उशीरच लागते."